बाटलीवरची रेघ

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी फ्लास्क तिरपा केला आणि आतलं द्रावण नळाच्या पाण्यासारखं बेसिनमध्ये सांडलं. मातीतले हे जिवाणू त्यांनी वीस वर्षं सांभाळले होते. चार दिवसांत ते असा दाट, बुळबुळीत चिकटा तयार करत, की फ्लास्क उलटा धरला तरी तो लवकर खाली येत नसे. आज बाराच्या बारा फ्लास्क पातळ.

"काकांनी साबण नीट धुतला नसेल," त्यांची संशोधक शिष्या म्हणाली. "जिवाणू मेले, बाई."

काका म्हणजे प्रयोगशाळेतलं काचसामान धुणारे, सगळ्यांचे चकचककाका. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. ते आपली बाजू मांडेपर्यंत शिष्येने त्यांना काढून टाकण्याचं पत्र टाइप करून आणलंसुद्धा. तिचा शब्द बाईंसाठी काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी सही केली.

पत्र पाच वाजता जायचं होतं. सही वाळली, पण मन काही मानेना. बाईंनी एक फ्लास्क खिडकीशी धरला. पातळ होता खरा, पण गढूळ, नेहमीपेक्षाही गढूळ. मग त्यांनी रसायनांचं कपाट उघडलं. अमोनियम क्षाराच्या बाटलीवर पेन्सिलीची नवी रेघ होती, जुनीच्या दोन बोटं खाली. शेजारी रविवारची तारीख.

त्यांनी शिष्येला बोलावलं.

"रविवारी कुठे होतीस?"

"मावशीकडे. दिवसभर."

"शनिवारी मी द्रावण करून ठेवलं. सोमवारी आपण ते उकळून, गार करून त्यात जिवाणू सोडले. मधे इथे कोण आलं?"

"काका आले असतील. किल्ली त्यांच्याकडेही असते."

बाईंनी बाटली टेबलावर ठेवली. शिष्येचा चेहरा उतरला.

"साबणाने जिवाणू मेले असते, तर द्रावण स्वच्छ राहिलं असतं. हे गढूळ आहे, म्हणजे ते भरमसाट वाढलेत. साखर भरपूर आणि नत्र चिमूटभर असलं, की नत्र संपल्यावर ते उरलेल्या साखरेचा चिकटा करतात. नत्र भरपूर मिळालं, तर नुसते वाढत बसतात. कुणीतरी माझ्या द्रावणात नत्र देणारा हा क्षार ओतलाय. काका बाटल्यांना हात लावत नाहीत. क्षार काढला की रेघ मारून तारीख घालायची, ही सवय मी एकाच माणसाला लावली. आणि हे अक्षर मी पाच वर्षं तपासतेय."

शिष्येचा हात सवयीने चालला होता, आणि घात झाला होता.

शिष्येने मान खाली घातली. दुसऱ्या संस्थेत तिला जागा मिळाली होती. हेच जिवाणू ती स्वतःचे म्हणून तिथे दाखवणार होती. इथले बिघडले असं ठरलं असतं, तर ते कुठून आणले हे कुणी विचारलं नसतं.

"मागितले असतेस तर दिले असते गं," बाई म्हणाल्या. पोटच्या पोरीसारखी वाढवलेल्या मुलीने केसाने गळा कापला होता, आणि वर एका निरपराध माणसाच्या पोटावर पाय देणारी सही त्यांच्याकडूनच करून घेतली होती.

शिष्या किल्ली ठेवून निघून गेली. बाईंनी पत्र फाडलं आणि मोरीपाशी जाऊन काकांची माफी मागितली. काका ओशाळले, हात पुसत राहिले.

"असू द्या हो, बाई," ते म्हणाले. "ताईंचं काचसामान धुतलंय. नेहमीसारखं वेगळं ठेवू ना?"

बाईंनी शिष्येच्या टेबलाकडे पाहिलं.

"नको," त्या म्हणाल्या. "सगळ्यांबरोबर ठेवा."