आधाराचं रोप

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची ही गोष्ट. अंजनगावला आमचा पानमळा होता. चपला बाहेर काढून आत जायचं. आत ओल, सावली आणि पानांचा तिखट वास. पानवेलींना चढायला बाबा पांगाऱ्याची रोपं लावत. त्या साली ती कमी पडली, म्हणून थोडी चिखलदऱ्याच्या उतारावरून आणली.

माझी धाकटी बहीण जमुना तिसरं लागलं तरी पाय टेकत नव्हती. काम करताना माय तिला पाटाच्या कडेला बसवी. तिच्याजवळचं एक रोप ताठ वाढलं. तीन-तीन पानं, अगदी पांगाऱ्यासारखी. कमरेएवढं झालं आणि शेंड्याला पानं येईनाशी झाली. नुसता बारीक दांडा लांबत गेला.

शेजारचे नत्थुकाका हसले. "शालिक, याले काटे कुठी हायेत? पांगारा नोहे हा, पळसवेल हाय! वेलाच्या आधाराले वेलच लावला का बाप्पा?"

"उद्या उपटतो," बाबा ओशाळून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन गेले, तर जमुना उभी होती. दांडा तिच्या मनगटाभोवती गुंडाळलेला.

माय रडायलाच लागली. "नका उपटू जी. पोरगी उभी राहून राहिली!"

रोप राहिलं. जमुनाला दुसऱ्या वाफ्यात बसवलं, की संध्याकाळपर्यंत शेंडा तिकडे वळलेला असे. वारा नसतानाही तो हवेत सावकाश गोल फिरे. शेजारच्या पांगाऱ्याला त्यानं कधी धरलं नाही.

जमुनाची भूक गेली. बोलणं थांबलं. एका दुपारी माय तिला उचलायला गेली, तर मनगटावरच्या वेढ्याला साल धरली होती. सुटेना. बाबांनी विळा चालवला. आतून लाल चीक आला.

जमुना रडली नाही.

घरी ती आधाराशिवाय उभी राहिली. डोळे मिटून, अंग सावकाश गोल फिरवत. मग तिला मायचा दंड सापडला.

त्यानंतर जमुना चालू लागली. अंगानं भरली. गावानं नवल केलं.

माय वाळत गेली.

तिला शेवटची आंघोळ घालताना मैनामावशीचा हात थांबला. मायच्या दंडावर खांद्यापासून कोपरापर्यंत वेढ्यावेढ्यानं खोल खाच उतरली होती.

पुढे लग्न होऊन मी अकोल्याला आले. जमुनाही आली. तिला सोडून येता आलं नाही.

हे मी डाव्या हातानं लिहिते आहे.