आधी कान की आधी कोश?

पालवीच्या चष्म्यात सगळ्यांचे शब्द उमटत. बाबांचे मात्र उमटत नसत.

एका दीर्घ तापात तिची श्रवणशक्ती गेली होती. तेव्हापासून समोरचा माणूस बोलू लागला, की त्याचे बोलणे चष्म्याच्या काचेवर अक्षरांत दिसे. आईचे दिसे, शाळेतल्या बाईंचे दिसे. बाबा वेंगुर्ल्याच्या खाडीवर सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या होड्या दुरुस्त करत आणि जन्मापासून मालवणीच बोलत आले होते. ते बोलले, की काचेवर अर्थहीन अक्षरांचा चिखल होई. सुरुवातीला त्यांनी पुस्तकी मराठी बोलून पाहिली, अडखळत, घाम पुसत. हळूहळू ते तिच्याशी बोलेनासेच झाले. शाळेत निघताना तिची पाण्याची बाटली भरून देत, केसांवरून हात फिरवत आणि काही न म्हणता खाडीकडे चालू लागत.

"नाना, माझ्या चष्म्याचा बाबांवरच राग का?" तिने एका दुपारी विचारले. नाना म्हणजे तिच्या आईचे वडील, निवृत्त ध्वनिशास्त्रज्ञ.

"राग नाही गं. त्याला मालवणी कुणी शिकवलीच नाही. आणि आपल्यालाही शिकवता येणार नाही. त्याच्यातली आज्ञावली (यंत्राने काय करावे हे सांगणाऱ्या सूचना) तोंड शिवलेल्या पोत्यासारखी आहे. आत काय आहे ते दिसत नाही."

"मग उसवू या!"

"त्यापेक्षा उघडीच आज्ञावली घेऊ. मुक्तस्रोत (जिचे मूळ लेखन कुणीही वाचावे, बदलावे, वाटावे अशी). मात्र तुझ्या चष्म्यासाठी तयार रूपात ती कुणी ठेवलेली नाही. मूळ लेखन आणून आपल्यालाच तिची बांधणी (माणसाने लिहिलेले यंत्राला कळेल अशा रूपात बदलणे) करावी लागेल."

"म्हणजे मलाच," कोपऱ्यातून टिंब म्हणाला. टिंब हा नानांचा यंत्रमानव. "मागच्या बांधणीत माझं डोकं इतकं तापलं होतं, की मांजर येऊन त्यावर झोपलं."

बांधायच्या आज्ञावल्या तीन होत्या आणि एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी त्या लिहिल्या होत्या. 'स्वन' आवाजाच्या लाटा सुट्या करी, 'कान' त्या लाटांतून शब्द ओळखी, आणि 'कोशा'त अनेक बोलींचे शब्द होते, मालवणीसुद्धा. एकीला दुसरीचा आधार लागे. अशा आधाराला अवलंबन म्हणतात.

पालवीला हवा होता कान, म्हणून तिने टिंबला आधी कानच बांधायला सांगितला. टिंब थांबला. "स्वन सापडत नाही." स्वन बांधला. तो कुणावरच अवलंबून नव्हता, त्यामुळे लगेच झाला. पुन्हा कान. "कोश सापडत नाही." ती कोशाकडे वळली. त्यात मच्छीमारांनी, शिक्षिकांनी, आजारी माणसांनीही हौसेने नोंदवून दिलेले तासन्‌तासांचे बोलणे होते. त्यातून शब्द वेगळे केल्याखेरीज कोश तयार होणार नव्हता. टिंबने मान हलवली. "शब्द वेगळे करायला कान लागतो. कान सापडत नाही."

पालवी नानांकडे वळली. "कानाला कोश हवा, कोशाला कान हवा. मग हे कधीच होणार नाही, नाना?"

नानांनी उलट विचारले, "दही कसं लावतात?"

"दुधात विरजण घालून."

"विरजण म्हणजे?"

"आधीचं दही." ती चमकली. "मग पहिलं दही?"

"घरात विरजण नसलं, तर तुझी आई कोमट दुधात मिरचीची देठं टाकते. दही लागतं, पण पातळ, चव जेमतेम. ते खायचं नसतं. त्याचं विरजण करून दुसऱ्या दुधाला लावायचं. तेच खरं दही."

पालवी हळूच म्हणाली, "म्हणजे आधी पातळ कान बांधायचा? कोशाशिवायचा?"

तशी सोय कान लिहिणाऱ्यांनी ठेवलीच होती. टिंबने कोशाची अट वगळून अर्धा कान बांधला. त्याला अर्थ कळत नव्हता; एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, एवढेच चाचपडत सांगता येई. पण तेवढ्यावर कोश उभा राहिला. मग कोशाच्या आधाराने कान पुन्हा, पूर्ण बांधला. टिंबच्या डोक्यावर नानांनी ओला पंचा ठेवला.

बाबांना बोलावले. ते दारातच उभे राहिले. काहीतरी बोलले.

काचेवर पुन्हा तोच चिखल.

पालवीने चष्मा काढला. तिच्या चेहऱ्यावरून बाबांना सगळे कळले. "रवांदे, नानानू," ते म्हणाले आणि अंगणाच्या पायऱ्या उतरू लागले.

"बांधणीत चूक नाही," टिंब पुटपुटला. "मी पूर्ण कान जागेवर बसवला आहे."

"आणि अर्धा?" नानांनी विचारले.

"तोही आहे. त्याच्या आधीच्या जागेवर."

पालवीने चष्मा पुन्हा चढवला आणि काचेवर राहिलेली टिंबची आणि नानांची वाक्ये वाचली. आता तिला उमगले. जुन्या आज्ञावलीला न कळणाऱ्या बोलण्यासाठी कान हवा असला, की चष्मा ठरलेल्या जागा क्रमाने धुंडाळी आणि पहिला सापडताच थांबे. पूर्ण कान मागे असूनही चष्मा अर्ध्यानेच ऐकत होता.

"काढून टाकू?" टिंबने विचारले.

तिचे बोट अडखळले. त्या कानाला काहीच कळत नव्हते, तरी साऱ्या बोली सर्वांत आधी त्यानेच ऐकल्या होत्या. त्याची आठवण आता कुणालाही राहणार नव्हती.

"त्याने केलेलं काम कोशात आहे, बाळ," नाना म्हणाले. "ते जात नाही."

तिने त्याला पुसले आणि ती अंगणात धावली. बाबा माडाखाली पाठमोरे उभे होते, स्वतःशीच बोलत. काचेवर अक्षरे उमटू लागली, एकामागून एक, स्वच्छ.

'बाय माझी. शुद्ध बोलूक माका येना नाय, म्हणान मी गप रवतंय. नायतर काय काय सांगूचा आसा तुका.'

"काय सांगायचं आहे, बाबा?"

ते गर्रकन वळले. "तुका... कळला?"

"सगळं. आता गप रवू नको."

बाबांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि जे पहिले आठवले ते सांगून टाकले. काचेवर दिसले: 'काल खाडीत ▢ बरे गावले.'

"मधे एक चौकट रिकामी आहे, बाबा. तो शब्द कोशात नाही."

"पेडवे माहीत नाय? बारके मासे ते!" बाबांना हसू फुटले. "कसलो कोश तो!"

"मग आपण घालू," मागून आलेले नाना बाबांना म्हणाले. "गुरुनाथराव, टिंबजवळ एकदा सावकाश बोला. कोश पुन्हा बांधू, त्यावर कान पुन्हा बांधू. मूळ लेखन उघडंच आहे. उद्या दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावरची मुलगी हा कोश घेईल, तेव्हा तिलाही तुमचा शब्द मिळेल."

"पुन्हा बांधणी!" टिंब कळवळला. "पंचा भिजवा."

पण बाबा केव्हाच पायरीवर टेकले होते. पालवीला जवळ बसवून ते एकेका माशाचे, एकेका वाऱ्याचे नाव सांगत होते आणि प्रत्येक नावानंतर तिच्या डोळ्यांत पाहून विचारत होते, "ह्या दिसला?"