पाठीला काच लावलेलं घड्याळ

ही गोष्ट मी ऐकून फुगवलेली नाही. ज्यांच्याबाबत घडली ते हरिचंद्र माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान, आणि ज्या खणात घडली तो खण मी माझ्या हाताने उघडून पाहिलाय.

बदलापूर पश्चिम, मांजर्ली. १९९६ सालचा ऑक्टोबर.

आणि हो, रात्रबित्र काही नव्हती. भर दुपारची गोष्ट आहे.

हरिचंद्र घड्याळं दुरुस्त करायचे. पुढच्या खोलीत टेबल, डोळ्याला भिंग. सेलवरच्या घड्याळांनी धंदा पार बसवला होता. नवं घड्याळ भाजीच्या भावात मिळायला लागल्यावर जुनं दुरुस्त कोण करणार?

पण त्या सुमारास एक नवंच फॅड निघालं. श्रीमंतांना पुन्हा चावीची, ऑटोमॅटिक घड्याळं हवीशी झाली. तीही पाठीला झाकणाऐवजी काच लावलेली. आतली कारागिरी दिसली पाहिजे म्हणे! पैसेवाल्यांची हौस, आपण काय बोलणार.

उल्हासनगरच्या लछमनदास सेठनी असंच एक सोन्याचं स्विस घड्याळ आणून दिलं. रुमालात गुंडाळून.

"साईं, पीछे कांच बिठाने का है. और एक बात... हाथ में मत डालना."

"टेस्टिंगला घालावंच लागतं, सेठ."

"नहीं बोला ना! टेबल पे टेस्ट करो."

"पण आहे कुणाचं?"

सेठ उठले. चहाही न घेता निघून गेले.

आता ऑटोमॅटिक घड्याळाला चावी द्यावी लागत नाही. आत एक जड अर्धगोल पत्रा असतो, रोटर म्हणतात त्याला. मनगट हललं की तो फिरतो आणि चावी भरत राहते. काढून ठेवलं की दीड-दोन दिवसांत घड्याळ गपगार.

हरिचंद्रांनी ते खणात ठेवलं आणि कुलूप लावलं. बंद पडलं की खोलू, असा विचार.

आठवडा गेला. खण उघडला, आणि...

टिक टिक टिक टिक.

वेळसुद्धा बरोबर.

हरिचंद्रांचं डोकं फिरलं. हे कुणीतरी रोज घालतंय! किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला, आणि घरात रिकामा माणूस एकच. धाकटा भाऊ, सदू. अंबरनाथची कंपनी बंद पडल्यापासून केसांना तेल चोपडून शिवमंदिराकडे चकरा मारायचा.

आई-वडील लवकर गेले. सदूला हरिचंद्रांनीच लहानाचा मोठा केला होता. म्हणूनच राग जास्त आला.

"घड्याळ घालून मिरवतोस काय रे? सेठला कळलं तर उद्या चूल पेटायची नाय आपली!"

"दादा, आईची शपथ. शिवलोसुद्धा नाय मी."

"मग काय भूत घालतंय?"

त्याच दुपारी सदू पिशवी भरून वांगणीला बनूआत्याकडे निघून गेला. भातकापणीला तिला माणसं हवीच होती.

माझी पद्मजामावशी नवऱ्यावर भडकली. "पोटच्या पोरासारखा वाढवलात, आणि चोर ठरवलात?"

हरिचंद्रांनी किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. आंघोळीलाही काढेनात. आणखी आठवडाभराने खण उघडला...

टिक टिक टिक टिक.

आता संशय घ्यायला घरात उरलंच कोण? हरिचंद्रांनी हळूच मावशीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय? किल्ली तुमच्या कमरेला!"

शेवटी त्यांनी चालू घड्याळच खोललं. झाकण कापून काच बसवली.

शुक्रवारची भर दुपार होती. लाइट गेलेली, पंखा बंद. घड्याळ टेबलावर पालथं पडलेलं. समोर दोघं नवरा-बायको. टेबलाला कुणाचा हात नाही.

मग... रोटर हलला.

एक हिसका. थांबला.

पुन्हा हिसका. पुन्हा थांबला.

घड्याळ जागचं तसूभरही सरकलं नाही. आतला रोटर मात्र...

"उंदीर असेल हो." मावशीने वाकून टेबलाखाली पाहिलं.

काही नव्हतं.

हरिचंद्रांचं आयुष्य रोटर बघण्यात गेलेलं. चालणाऱ्या माणसाच्या हातावर तो झुलतो. हा झुलत नव्हता. हा कुणाचा तरी कामाला लागलेला हात होता.

दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी उल्हासनगर गाठलं. सेठनी घड्याळ रुमालातच घेतलं.

"किसी ने पहना तो नहीं ना?"

"नाय सेठ."

सेठनी रुमालाला गाठ मारली.

तिथून हरिचंद्र तडक वांगणीला गेले. घड्याळाचं काय ते घड्याळ जाणे. आपण पोराला उगाच चोर म्हणालो, एवढंच मनाला खात होतं.

सदू शेतात ओणवा होऊन भात कापत होता. डाव्या हाताने मूठ धरून हिसका द्यायचा, विळा चालवायचा, थांबायचा. उन्हाने पार रापला होता. त्याला बघून हरिचंद्रांना भरून आलं.

"सदू, चुकलो रे. घरी चल."

सदू विळा टाकून धावत आला. ढसाढसा रडला. हरिचंद्रांनी त्याचा डावा हात हातात घेतला, आणि...

मनगटावर पांढरा पट्टा होता.

मधोमध रुपयाएवढा गोल. बाकी सगळा हात काळवंडलेला, तेवढीच कातडी कोरी. रोज घड्याळ घालून उन्हात राबणाऱ्याच्या हातावर उठतो, तसा.

सदूकडे घड्याळ नव्हतं. कधीच नव्हतं. आणि ते घड्याळ हे सगळे दिवस मांजर्लीत होतं... कुलपात.

"हे काय रे?"

सदू दचकला. त्याने थुंकी लावून मनगट घासलं. "दादा... नाय म्हाईत. खरंच नाय म्हाईत."

"त्याच्या हातात काय बी नव्हतं," बनूआत्या म्हणाली. "मी रोज संगंच हाय."

हरिचंद्र त्याला घरी घेऊन आले. 'माझा तुझ्यावर विश्वास आहे' हे वाक्य मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

पट्टा दिवाळीपर्यंत गेला, असं सदूकाका सांगतात.

पण भर मे महिन्यातही त्यांच्या डाव्या बाहीचं बटण लावलेलं असतं. हरिचंद्र जेवताना त्या बटणाकडेच बघत असतात.

'उघड' म्हणायचं धाडस त्यांना अजून झालेलं नाही.

मलाही नाही.