नऊ नंबरवर

थोरल्याचं आणि माउसचं उभं वैर. ऑफिसात त्यावरून त्याची थट्टा चालायची, पण नुसत्या कीबोर्डवर त्याची बोटं कशी पळतात ते पाहिलं की थट्टा करणारेही गप्प बसायचे. त्याच्या स्क्रीनवर नऊ पडदे होते, एका वेळी एकच दिसणारे. एकचं बटण दाबलं की काम, दोनवर पत्रं, तीनवर आई. पडद्यावर उघडलेल्या चौकटी एकावर एक कधी चढायच्या नाहीत. नवी आली की जुन्या निमूट आक्रसून तिला जागा द्यायच्या, एखादी गेली की उरलेल्या पसरून तिची जागा भरून टाकायच्या.

आई अंथरुणाला खिळल्यापासून धाकट्या बहिणीनं घरी कपाटावर कॅमेरा बसवला होता. भिंतीकडे आईची खाट, खिडकीकडे बाबांची, मधे औषधांचं स्टूल. थोरला येताजाता तीन दाबायचा. आईचं पांघरूण वरखाली होताना दिसलं की त्याच्या जिवात जीव यायचा.

एका दुपारी खोलीच्या चित्राशेजारी एक काळी चौकट दिसली. त्यानं ती उघडली नव्हती. तिला नाव नव्हतं, आत काही नव्हतं, आणि काही केल्या ती बंद होईना. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, तर ती होतीच, वर थोडी रुंद झालेली. ओसरी मिळाली की हातपाय पसरावेत तसं रोज चाललं. खोलीचं चित्र पट्टीएवढं उरलं.

त्यानं धाकटीला फोन लावला.

"आई बरी आहे ना गं?"

"तशी बरी आहे. पण सारखी कडेला सरकते. पडेल म्हणून मी मधे घेते, की पुन्हा सरकते. म्हणते, जागा नको का द्यायला?"

"कुणाला?"

"ते नाही सांगत. बाबा म्हणतात, तापात बडबडतेय."

थोरला स्क्रीनकडे वळला. चौकट बंद होत नसेल, पण आईजवळून हलवता तर येईल. नऊ नंबरचा पडदा रिकामाच होता. निळी किनार जिच्याभोवती असेल तीच चौकट बटणाचं ऐकायची. त्यानं किनार काळ्या चौकटीभोवती आणली. कीबोर्डला अडणारा चहाचा कप तेवढा बाजूला सरकवला आणि नऊवर धाडायचं बटण दाबलं.

कप कोपऱ्यातल्या माउसला लागला होता. कधी न हलणारा बाण खोलीच्या चित्रावर गेला होता, आणि त्याच्यामागोमाग किनारही.

चित्र नाहीसं झालं. काळी चौकट पडदाभर पसरली.

त्यानं पुन्हा फोन लावला.

"आई कुठे आहे?"

"कोण?" धाकटीनं विचारलं.

"अगं, तिच्या खाटेवर आहे का ती?"

"असं काय करतोस रे दादा? बाबांची एकच तर खाट आहे. मधोमध. दुसरीला जागा कुठे आहे?"

मागे बाबा खोकले.

त्यानं नऊ दाबलं.

आई तिथे होती. स्टूल नव्हतं, खिडकी नव्हती. परत आणायचं बटण तो दाबत राहिला, पण निळी किनार तिच्याभोवती येईना. "आई," त्यानं स्क्रीनला हाक मारली.

आई कडेला सरकून निजली होती. पांघरूण वरखाली होत होतं.

तिच्या शेजारचंही.