बोरधरा फाट्यावरचं लेकरांचं रान

त्या वर्षी दसऱ्याला आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. कचेरीत महिनाभर नुसती फायलींची बांधाबांध चालली होती. ट्रंका भरायच्या, वर खडूनं नव्या जिल्ह्याचं नाव लिहायचं आणि टेम्पोत चढवायच्या. मी गावपातळीवरचा महसूल अधिकारी होतो, पण लोक मला जुन्या सवयीनं पटवारीच म्हणत. त्या गडबडीत कार्तिकातल्या एका सकाळी मला एक साधं काम सांगितलं गेलं. बोरधरा फाट्यावर जायचं, एका पंचनाम्यावर पाच सह्या घ्यायच्या आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं.

बोरधरा इचोड्याच्या अलीकडे, हैदराबाद-नागपूर रस्त्याला लागून आहे. माझ्या आईचं ते माहेर. आईला जाऊन सात वर्षं झाली होती, पण केशवमामा आणि भागाबाई मामी तिथंच राहत. काम मला मिळालं ते त्यामुळं नव्हे. गाव मराठी, कागद तेलुगूत, आणि मला दोन्ही येत होतं, म्हणून.

रस्ता चौपदरी आधीच झाला होता. आता फाटाच मोठा करायचा होता. वरून पूल आणि खाली दोन्ही बाजूंना गोल फिरणारे वळणरस्ते. नकाशावर ते दोन गोल कानातल्या बाळ्यांसारखे दिसत. त्यातला एक गोल सर्वे नंबर एकशे अठरावर येत होता. साडेतीन एकर, खारीज खाता. म्हणजे जमीन कोणाच्याच नावावर नाही. म्हणून कोणालाच नोटीस नाही. पंचनाम्यात एक रकाना होता, जमिनीवर सध्या काय आहे? तिथं मी कचेरीतल्या टेबलावर बसूनच लिहून टाकलं होतं, काही नाही.

फाट्यावर उतरलो तेव्हाच लोक तापलेले होते. भाजीचं दुकान चालवणाऱ्या मारोतरावांनी मला चहासुद्धा विचारला नाही. त्यांचं दुकान जाणार होतंच, पण राग त्याचा नव्हता. पूल झाल्यावर पलीकडच्या शेतात बैलगाडी न्यायला तीन किलोमीटरचा वळसा पडणार होता. नोटिसा तेलुगूत आणि इंग्रजीत होत्या, त्या शाळेच्या भिंतीला चिकटवल्या आणि कळवलं म्हणून मोकळे झाले, असं ते म्हणाले. हरकती घ्यायची तारीख होऊन गेल्यावर लोकांना कळलं की ती तारीख होती. ते बोलत होते आणि मी मान हलवत होतो. अशी मान हलवायची मला वीस वर्षांची सवय होती.

मारुतीच्या पारावर सह्यांसाठी माणसं जमली. बायाही आल्या, हे मला नवीन होतं. भागाबाई मामी पुढे होती. तिनं कागदाला हात लावला नाही.

"काय लिवलं ते वाचून दाखव," ती म्हणाली.

मी वाचलं. जमीन पडीत आहे, तिच्यावर काही नाही.

मग मामीनं जे सांगितलं ते मला खरं तर माहीत असायला हवं होतं. एकशे अठरा म्हणजे लेकरांचं रान. दात यायच्या आधी गेलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात. बोरधऱ्यातली आणि आजूबाजूच्या तीन वाड्यांतली अशी सगळी लेकरं त्या बाभळींखाली होती. वर दगड नाही, नाव नाही. आई सव्वा महिन्यानं तिथं जायची आणि छातीतलं दूध मातीवर पिळून यायची. एवढीच त्या जागेची नोंद.

"माझे दोन हायेत तिथं," मामी म्हणाली. "अन् तू लिवतं काही नाही."

सही कोणीच केली नाही. मी रस्त्याच्या कामावरच्या इंजिनीअर साहेबांना फोन लावला. साहेब हिंदीत शांतपणे बोलले. खोदाईचं मशीन उद्या येणार आहे. बाया अडवायला बसल्या तर प्रत्येकीचं नाव लिहून आण, पुढचं पोलीस बघतील.

दुसऱ्या दिवशी बाया खरंच बसल्या. मशीन रस्त्याच्या कडेला येऊन थांबलं होतं, चालक दुपारीच कंटाळून ढाब्यावर निघून गेला होता. आधी सह्यांसाठी माणसांच्या विनवण्या करण्यात माझा दिवस गेला. नावं लिहायला एकशे अठरामध्ये शिरलो तेव्हा दिवस बुडत आला होता.

कापूस वेचणीचे दिवस. थंडी जमिनीतून वर येत होती आणि बाभळींच्या बुंध्यांना धुकं लागलं होतं. मला वाटलं होतं बाया एका ठिकाणी घोळक्यानं बसल्या असतील. तशा त्या बसल्या नव्हत्या. साडेतीन एकरभर विखरून, एकेकटी, जिची तिची जागा धरून बसली होती. कोणी बोलत नव्हतं. मी पहिल्या बाईजवळ वाकलो, नाव विचारलं. तिनं नाव सांगितलं आणि न विचारताच पुढे म्हणाली, "पोरगा. चार महिन्यांचा." मी तेही लिहिलं. मग प्रत्येकजणी तसंच सांगत गेली. मुलगी, दोन दिवसांची. मुलगा, नाव ठेवायचं होतं. जुळे.

जसजसा आत गेलो तसतसा एक वास यायला लागला. आधी कळलं नाही कशाचा. मग कळलं. दुधाचा. कोमट, थोडा आंबूस, बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा. आणि मागे शंभर पावलांवर चौपदरी रस्ता असून ट्रकचा आवाज येत नव्हता. मी वळून पाहिलं. दिवे पळताना दिसत होते. आवाज नव्हता.

आतल्या बायांचे पदर खाली ओढलेले होते. त्या हळू बोलत, इतक्या हळू की मला पार गुडघ्यावर बसावं लागे. एकीनं ओठांवर बोट ठेवलं आणि जमिनीकडे खूण केली. मी माझा आवाज आणखी खाली आणला. का, ते मला तेव्हा सुचलंही नाही.

शेवटची बाई कुंपणाच्या टोकाला होती. अंधारात पेनाचं टोक दिसत नव्हतं.

"नाव?"

"सोजरबाई."

"लेकरू?"

"पोट्टी... अकरा दिवसांची."

मी अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढे केलं. तिनं हात पदराबाहेर काढला नाही.

"तूच लिव्ह बापू," ती म्हणाली. "तुहं अक्षर चांगलं हाये."

माझ्या आईचं नाव सोजरबाई होतं. पण आमच्याकडे घरटी एक सोजरबाई असते. मी लिहिलं, उठलो आणि रस्त्याकडे चालू लागलो. शेवटच्या बाभळीपाशी आलो तेव्हा ट्रकचे आवाज एकदम कानावर आदळले.

मामाच्या घरी वीज गेली होती. मामी माझ्या आधीच परतलेली, चुलीपुढे बसली होती. मी कंदिलाजवळ यादी काढली आणि चिडून म्हणालो की बावन्न बाया थंडीत बसवल्यात, एखादी आजारी पडली तर जबाबदार कोण? मामीनं विचारलं, "किती?"

"बावन्न."

"आमी एकतीस होतो, सुधाकर. तू नावं लिवत पुढं गेला तशा उठत गेलो आमी."

केशवमामा खाटेवर उठून बसले. मामीनं मला यादी वाचायला सांगितली. मी वाचत गेलो. एकतीस नावांना तिनं मान हलवली. बत्तिसावं नाव मालनबाईचं होतं. मामी म्हणाली की मालनबाई इचोड्याच्या दवाखान्यात वारली, त्याला वीस वर्षं झाली. त्यापुढच्याही एकेका नावाला ती तसंच काही सांगत गेली. ही विहिरीत पडली. हिला तर मी पाहिलंही नाही, सासूच्या तोंडून ऐकलं. माझा आवाज बारीक होत गेला. शेवटचं नाव आणि त्यापुढचे अकरा दिवस मी वाचले, तेव्हा मामा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"पहिलं बाळंतपण माहेरी असते," मामी चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली. "तुह्या आधी एक पोट्टी झाली होती. तुह्या बापानं सांगितलं होतं, पुन्हा नाव काढायचं नाही."

माझी आई चाळीस वर्षं माझ्या पुढ्यात ताट वाढत होती आणि हे मला माहीत नव्हतं. आणि जे रान तिला माहीत होतं, त्याच्यावर मी दोन शब्द लिहिले होते, काही नाही. मला भीती वाटायला हवी होती. वाटली ती नंतर. त्या रात्री फक्त संताप आला. साहेबाचा, कचेरीचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या चांगल्या अक्षराचा.

मी पंचनामा फाडला. दुसरा लिहिला. सर्वे नंबर एकशे अठरावर लेकरं पुरलेली आहेत, त्यांच्या आयांची नावं सोबत जोडली आहेत. मामांनी पहिली सही केली, मग मारोतरावांनी आणि मग एकतीस अंगठे उठले. तो कागद घेऊन मी सकाळी इंजिनीअर साहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी एका माणसाला यादी मतदार यादीशी आणि मृत्यूच्या जुन्या नोंदवह्यांशी ताडून बघायला सांगितली. एकवीस नावं मयत निघाली, तसे ते हसले. म्हणाले, पटवारी, मेलेल्यांची हरकत चालत नाही.

मी म्हणालो, "साहेब, जिवंतांची तरी कुठं चालली?"

वीस वर्षांत मी कुठल्याही साहेबाला उलट बोललो ते एवढंच एक वाक्य. कागद वर पाठवला. पंधरा दिवसांनी चौकशी केली तर तो भलत्याच ट्रंकेतून भलत्याच जिल्ह्यात गेला होता. तिथं गेलो, तर तिथले म्हणाले की हे गाव आमचं नाही. आमच्या जिल्ह्यात म्हणाले, फाइल आमच्याकडे नाही. संक्रांतीच्या आधी पोलीस आले. भागाबाई मामीला दोघी महिला पोलिसांनी काखेत हात घालून उचललं आणि व्हॅनमध्ये बसवलं. तिनं आरडाओरडा केला नाही. मशीनचं पातं पहिल्यांदा जमिनीत गेलं तेव्हा सगळ्या बाया व्हॅनच्या जाळीतून बघत होत्या. मारोतरावांनी उचललेला दगड मी त्यांच्या हातातून काढून घेतला. तो का काढून घेतला, हे मला अजून सांगता येत नाही. माझी बदली झाली.

वळणरस्ता आठ महिन्यांत झाला. गोलाच्या मधोमध पाऊण एकर जागा उरली, तिथं गवत आणि लाल फुलांची झुडपं लावली. वर्षभरानं गवतात मातीचे लहान लहान उंचवटे दिसायला लागले. हातभर लांब, वर नीट थापलेले. देखभालीच्या माणसांनी ते सपाट केले. पुन्हा झाले. त्यांना वाटलं गावातल्या बाया मुद्दाम करून राहिल्या. मी मामीला विचारलं. तिनं मारुतीची शपथ घेऊन नाही म्हटलं. गावात तीन वर्षांत एकही लेकरू दगावलं नव्हतं, आणि त्या गोलात चालत जायला वाटच ठेवली नव्हती.

नोकरीतून मोकळा झाल्यावर, गेल्या माघात, मी स्वतः तिथं गेलो. मामी सोबत होती. ऐंशीची झाली, तरी कठडा ओलांडायला माझा हात धरला नाही. दुपार कलली होती. गवतात उंचवटे होते, मी मोजले नाहीत. मामी एकापाशी बसली. मी पुढे गेलो आणि झुडपांच्या आड एक खड्डा दिसला.

तो ताजा होता. कडा सरळ, तळ साफ केलेला. निघालेली माती एका बाजूला नीट रचून ठेवली होती, परत आत लोटायला सोपी जावी अशी. आणि तो लेकराचा नव्हता.

आयुष्यभर जमिनी मोजल्या आहेत. पाय आपसूक पडले. या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा फुटांना थोडा कमी, मी आडवा झालो तर नेमका मावेन एवढा.

मागून मामीनं विचारलं, "किती हाये?"

मी तिला सांगितलं नाही.