बांधावरून गेलेली गोळी

पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून पंपवाला खाली कोसळला, तेव्हा त्याच्या हातातला पाना सुटला नव्हता. गोळी छातीत शिरली होती. टाकी नेमबाजी क्लबाच्या मातीच्या बांधामागे होती, आणि त्या वेळी बांधाच्या पुढच्या बाजूने, निशाणापासून सहाशे मीटरवरून, एकच रायफल उडाली होती. ती एका पोरीच्या हातात होती.

इन्स्पेक्टरबाई पोचल्या तोवर सगळ्यांनी मिळून निकालही लावून टाकला होता. पोरीचा निष्काळजीपणा, दुसरं काय! सेक्रेटरीने पाहुण्यांसाठी चहा मागवला होता. तो ट्रे बघूनच बाईंचं डोकं फिरलं. ठाण्यात त्यांना पाठीमागे ‘मिरची’ म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्याचा त्यांना राग नव्हता. राग यायला जगात दुसरी पुष्कळ कारणं होती.

गोळीबार चालू असताना माणूस बांधामागे शिडीवर कसा, असं त्यांनी सेक्रेटरीला विचारलं. सेक्रेटरी म्हणाला, बांध चांगला उंच आहे, इतक्या वर्षांत एक गोळी वरून गेली नाही.

"आता गेली ना?" बाई म्हणाल्या. "उचला तो चहा."

बाकीची हकिकत काकांनी सांगितली. काका म्हणजे क्लबाचे प्रशिक्षक आणि त्या पोरीचे सख्खे काका. तिला सगळे छोटी म्हणत. बाप गेल्यावर काकांनीच तिला घरी आणलं, वाढवलं, हातात रायफल दिली. आज संघाची निवड होती. जागा एक, दावेदार दोन: छोटी आणि काकांचा मुलगा, म्हणजे तिचा दादा. सकाळी तीनशे मीटरवर छोटी पुढे होती. जेवणानंतर सहाशे मीटरची फेरी लागली, तिने पहिली गोळी झाडली, आणि स्पर्धा तिथेच थांबली.

काका बाईंना शाळेतल्या पोराला समजवावं तसं समजावत होते. गोळी सरळ जात नाही, जाता जाता खाली पडत जाते. जितकं लांब, तितकी जास्त. म्हणून दुर्बिणीवरची चकती फिरवून नेम उंच करून घ्यायचा. या रायफलीला तीनशेसाठी चौदाचा आकडा, सहाशेसाठी चव्वेचाळीसचा.

"पोरगी चकती फिरवायला विसरली. बघा, अजून चौदावरच आहे. मग गोळी भलतीकडे जाणार नाही तर काय?"

"नंतर रायफलीला कुणी हात लावला?"

"कुणीही नाही."

छोटी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. तिच्यापुढे जबाब तयार होता, सेक्रेटरीच्या अक्षरात. फक्त सही व्हायची होती. दंडावर भागेल, असं तिला घरच्यांनी सांगितलं होतं. बाईंनी तो कागद वाचला आणि कपाळावरची शीर उडायला लागली. ती सही म्हणजे सरळ तुरुंग होता. त्याहून वाईट म्हणजे, आपल्या विसराळूपणाने एक माणूस मेला हे पोरीला जन्मभर उशाशी घेऊन झोपावं लागलं असतं.

"विसरलीस?" बाईंनी विचारलं.

"विसरलेच असणार."

"असणार म्हणजे काय?"

"चकती फिरवल्याचं मला आठवतंय, मॅडम. पण ती मी रोजच फिरवते. आठवतंय ते आजचं की कालचं, कसं सांगू? काका म्हणाले, विसरलीस. काका चुकत नाहीत."

बाईंनी कागदाची घडी करून खिशात टाकली आणि सही केलीस तर याद राख, असं बजावून तिला मैदानावर घेऊन गेल्या. काका मागोमाग निघाले. बाईंनी त्यांना दारातच थांबवलं.

चटई अजून तशीच अंथरलेली होती. रायफल तिच्याशेजारी होती. दूर खंदकाच्या वर निशाणाची पांढरी चौकट दिसत होती, तिच्यामागे बांध, आणि बांधामागे काय चाललंय ते इथून मुळीच दिसत नव्हतं. बाईंचा संबंध आजवर कमरेच्या पिस्तुलाशी. त्यांनी सरळ सांगून टाकलं की मला यातलं ओ की ठो कळत नाही, पहिल्यापासून सांग.

छोटीने चकती फिरवून दाखवली. टिक, टिक, टिक. एक टिक म्हणजे शंभर मीटरवर एक सेंटीमीटर, सहाशेवर सहा.

"चकती चौदावरच राहिली, चव्वेचाळीसवर नेलीच नाही. किती टिक कमी पडल्या?"

"तीस."

"म्हणजे सहाशेवर?"

"एकशे ऐंशी सेंटीमीटर. पुरुषभर." पोरगी बोलता बोलता थांबली. "पुरुषभर खाली, मॅडम."

"खाली?"

"खालीच. नेम कमी उचलला तर गोळी खाली पडणार. निशाणाच्या आधीच खंदकाच्या मातीत घुसायला हवी होती."

"आणि माणूस मेला बांधाहून उंच शिडीवर."

 इतका साधा हिशोब आपल्याला सुचला नाही, असं छोटी पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. बाईंना तिची कीव आली आणि मग स्वतःचाच राग आला, कारण काकांसमोर त्यांनीही मघाशी मुकाट्याने मान डोलावली होती. या पोरीचं डोकं माणूस मेल्याच्या धक्क्याने बधिर झालं होतं. पण आयुष्यभर हेच शिकवणाऱ्याचं काय?

बाई तरातरा बांधावर चढल्या. टाकीची शिडी, रक्ताचा डाग, निशाणाची चौकट, सगळं हवालदाराकडून मापून घेतलं. शिडीवरच्या माणसाची छाती गाठायला गोळी निशाणापाशी मधल्या बिंदूच्या सहा मीटर वरून जायला हवी होती. त्या परत आल्या.

"सहा मीटर वर जायला किती टिक जास्त लागतील?"

"शंभर." छोटीने लगेच सांगितलं.

"शंभर टिकांत चकती कुठे जाते?"

छोटीने बोटाने फिरवत नेली. पन्नास, साठ, नव्वद, शून्य, दहा. चकती गोल फिरून पुन्हा तिथेच आली, आकडाही तोच. "एक पूर्ण फेरा," ती हळूच म्हणाली. "खाली एक बारीक रेघ उघडी पडते फक्त. पण आमच्या गोळीला एका फेऱ्याच्या वर कधी जावंच लागत नाही. सगळे आकडाच बघतात. रेघ कोण बघतंय?"

"मधल्या सुट्टीत रायफली कुठे होत्या?"

"कपाटात. कुलूप लावून. सुट्टी संपल्यावर काकांनी काढून हातात दिली."

"किल्ली?"

"काकांकडेच असते. दादाकडेही कधीकधी असते."

बाईंनी दादाला बोलावलं. दादा उंचापुरा, पण तेव्हा तो अंग चोरून उभा होता. छोटी बाद झाली की जागा त्याचीच, हे बाईंनी त्याच्या तोंडावर सांगितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. जेवायच्या सुट्टीत तो कपाटापाशी गेला होता, हे त्याने कबूल केलं. स्वतःची रायफल पुसायची होती. पण किल्ली मिळाली नाही. बाबा कपाटाच्या खोलीत एकटेच बसले होते. म्हणाले, जा जेवून घे, मी आहे इथे. एवढं सांगून तो रडायला लागला. का रडतोस, असं बाईंनी विचारलं नाही.

मग गुण लिहिणारा म्हातारा. तो टेबलापाशी बसून दुर्बिणीतून सगळं बघत होता. गोळी उडाली, खंदकातल्या माणसाने लाल झेंडा हलवला, म्हणजे निशाणावर गोळी नाही. त्यानंतर काका चटईपाशी गेले, पोरीला उठवलं, रायफल घेतली आणि तिच्याकडे पाठ करून चकती फिरवत बसले. बांधामागून माणूस बोंबलत आला तो त्यानंतर थोड्या वेळाने.

"हे मघाशी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलंच नाही," म्हातारा म्हणाला. बाईंनी दात आवळले.

क्लबाच्या हॉलमध्ये त्यांनी सगळ्यांना बसवलं. सेक्रेटरीने वेळेबद्दल काहीतरी कुरकुर केली, तेव्हा बाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो गप्प झाला. मग त्या काकांसमोर उभ्या राहिल्या.

"तुम्ही मला सांगितलंत, चकती चौदावर राहिली म्हणून गोळी बांधावरून गेली. पोलिसाला काय कळतंय, असंच ना? चौदावर राहिली असती तर गोळी मातीत गेली असती. तुमचा नवा विद्यार्थीही ही चूक करणार नाही. मग तुम्ही का केलीत? कारण तुम्ही चकती चौदावर आणलीत तेव्हा माणूस मेल्याचं तुम्हाला माहीतच नव्हतं."



बाईंनी मग एकेक पदर उलगडला. सुट्टीत, कपाटाच्या खोलीत एकटे असताना, काकांनी चकतीला एक पूर्ण फेरा दिला. आकडा होता तोच राहिला. छोटीने रोजच्यासारखी चौदावरून चव्वेचाळीसवर नेली, काही चुकलं नाही तिचं. गोळी सहा मीटर वरून गेली. काकांच्या मते ती बांधात गडप होणार होती, पोरीचे गुण जाणार होते आणि जागा मुलाला मिळणार होती. पण पोरगी हुशार, रायफल तपासायला मागितली असती. म्हणून लाल झेंडा हलताच त्यांनी फेरा उलटा फिरवला आणि चकती चौदावर नेऊन ठेवली, म्हणजे सगळे म्हणतील, विसरली. निशाण चुकल्याचं कारण म्हणून ते अगदी चपखल होतं. थोड्या वेळाने बातमी आली की माणूस मेलाय, तेव्हा चकती पुन्हा फिरवायला सवड नव्हती. गोळी उडाल्यावर, बातमी यायच्या आधी, त्या रायफलीला हात लावणारा माणूस एकच, आणि त्याने पोलिसांना सांगितलं की कुणीही लावला नाही.

काकांनी आधी सेक्रेटरीकडे बघितलं, मग मुलाकडे. मुलाने मान वर केली नाही.

"कुणाला मारायचं नव्हतं मला," ते म्हणाले. "बांध आहे म्हणून केलं. वर कुणी असेल असं वाटलं नाही."

"पोरांना गणितं घालून घालून केस पिकले तुमचे," बाईंचा आवाज चढला. "सहा मीटर वर गेलेली गोळी बांध ओलांडते की नाही, एवढं एक गणित तुम्हाला करावंसं वाटलं नाही? आणि माणूस मेल्यावर? या पोरीला समोर बसवून, तू विसरलीस, तू विसरलीस, असं सांगत होतात तुम्ही. लाज वाटत नाही?"

काकांनी बाईंकडे पाठ फिरवली. ते छोटीकडे वळले. आवाज एकदम घरातला झाला.

"छोटे, तू एक सही कर. पोरवयातली चूक म्हणून सोडतील तुला. मी गेलो तर घर मोडेल गं. तुझ्या काकूचं काय, दादाचं काय? तुझा बाप गेल्यावर तुला कुणी वाढवलं?"

छोटी उठून उभी राहिली. बाई मध्ये पडणार होत्या, पण पडल्या नाहीत.

"तुम्ही वाढवलंत," ती म्हणाली. "परक्या माणसाने रायफल दिली असती तर मी ती उलटीपालटी करून बघितली असती. तुमच्या हातून आली, म्हणून बघितली नाही."

"छोटे..."

"पंपवाला माझ्या गोळीने मेला. ते मी सांगेन, त्याच्या घरी जाऊन सांगेन. पण मी विसरले नव्हते. आणि हे तुम्हाला माहीत होतं, काका. मी तिथे बसून रडत होते तेव्हाही माहीत होतं."

 बाईंनी खिशातला जुना जबाब काढून फाडला, कोरा कागद समोर ओढला आणि छोटीला पहिल्यापासून सांगायला सांगितलं.