कंबर तलावाची फेरी

काठी हातातून निसटली आणि आरोही जागच्या जागी थबकली. सोलापूरच्या कंबर तलावाकाठी संध्याकाळची वर्दळ होती, पण 'जरा काठी उचलून देता?' असं कुणाला म्हणायला तिची जीभ रेटेना. खो-खोची प्रशिक्षक ती! मैदानात वाऱ्यासारखी धावणारी. आता मात्र डाव्या खुब्यात नवा, कृत्रिम सांधा होता आणि डॉक्टरांनी बजावलं होतं... वाकायचं नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं तर मुळीच बसायचं नाही.

तेवढ्यात धापा टाकत पळणारा एक जण थांबला. काठी उचलून त्यानं पुढं केली.

"घ्या की."

"थँक्यू... पण तुम्ही टाचा आपटत पळताय. गुडघे जातील."

तो बघतच राहिला. "मदत केली तर शिकवणी लावताय व्हय?"

"फुकट आहे," आरोही म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी मनापासून हसली.

त्याचं नाव सयाजी. मूळचा सांगोल्याकडचा, घरी डाळिंबाची बाग, इथं ठिबक सिंचनाच्या दुकानात नोकरी. खुर्चीत बसून पोट सुटलं म्हणून पळायला लागलेला. दुसऱ्या दिवसापासून तो तिच्या बाकासमोरून पळायचा आणि ती बसल्या जागेवरून ओरडायची, "खांदे सैल! मान वर!" मग तिच्या संथ पावलांशी पाऊल मिळवत तो एक फेरी सोबत करायचा; ऑपरेशनचं, पथ्याचं तिनं त्याला तेव्हाच सांगितलं. पाण्यावरून गार वारा यायचा. ती अडखळली की त्याचा हात नकळत पुढं यायचा... आणि तितक्याच हळू मागं जायचा. हात मागं गेला की तिला उगीचच चुटपुट लागायची.

एकदा पळायची ढब सांगता सांगता तिला राहवलं नाही. काठी बाकाला टेकवून ती चक्क धावली! दोन-चार पावलांतच पाय लटपटला. सयाजीनं झेप घेऊन तिला सावरलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"येड लागलंय का तुमाला? सांधा निसटला असता म्हंजी?"

तिला लाज वाटली, आणि लाजेपोटी राग आला. "मला रागावणारे तुम्ही कोण?"

तो काठी तिच्या हातात देऊन निघून गेला.

त्यानंतर तो आलाच नाही. आरोही रोज यायची, नेटानं फेरी पुरी करायची. पाय सुधारत होता. मन मात्र पळणाऱ्या प्रत्येकाकडे वळून वळून बघत होतं. फोन नंबर तरी कुठं घेतला होता?

आणि एका संध्याकाळी तो समोर उभा! उन्हानं रापलेला.

"डाळिंब उतरवायला गावी गेलतो. सांगून जायचं मनात हुतं, पण... कोण म्हनून सांगनार?"

"चुकलं माझं." आरोही म्हणाली. "चालणं, पोहणं, सायकल... सगळं जमेल म्हणतात. पण खो-खो खेळणं संपलं, सयाजी. मागं एक स्थळ आलं होतं. मांडी घालून पंगतीत बसता येईल का, म्हणाले. नाही म्हटलं, ते परत आलेच नाहीत. वाटलं, तुम्हीही..."

"त्यात काय! टेबल घिऊ की."

"टेबल? कुणासाठी?"

आपण काय बोलून गेलो ते त्याच्या आत्ता लक्षात आलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "जेवायला... आपल्या दोघास्नी."

आरोहीनं नजर पाण्याकडे वळवली. "तुमच्या आईंच्या पाया पडायलासुद्धा मला वाकता येणार नाही."

"आयला समदं सांगितलंय. म्हनली, पोरगी घरात वाकवायला आनतोस का नांदवायला?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पुसावं की हसावं, तिला कळेना.

"मग..." तो चाचरत म्हणाला, "रविवारी आयला घिऊन येऊ तुमच्या घरी?"

"रविवारी नको."

त्याचा चेहरा एवढासा झाला.

"उद्याच या की," आरोही म्हणाली.